इंदूरच्या उन्हात गांडुळांचा डबा: आधी जागा, मग डबा

पश्चिमेच्या गॅलरीत गांडूळखताचा तीन मजली प्लास्टिकचा डबा आहे, गांडुळं झाकणाला चिकटतात, दुसरा कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. डब्याआधी जागा बदला. मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. आयसेनिया फेटिडा, म्हणजे बाजारात मिळणारी लाल गांडुळं, ३५ अंशांपुढे तग धरत नाहीत, आणि उन्हातला बंद डबा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतो. उत्तरेची गॅलरी किंवा जिन्याखालचा कोपरा बघा.

नवा घ्यायचाच असेल तर उंच नको, पसरट घ्या. ही गांडुळं वरच्या थरातच खातात, त्यामुळे खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा. दोन बाय दीड फुटांचा, फूटभर खोल टब चार माणसांच्या घरी चालेल, पण भाजीचा सगळा कचरा त्यात मावणार नाही. उरलेला नगर निगमच्या कचरागाडीत द्या. तळाला आणि कडांना बारीक छिद्रं पाडा, खाली विटा आणि ताट ठेवा. मातीची पसरट कुंडी मला उन्हाळ्यासाठी याहून चांगली वाटते. पाणी झिरपून ती थंड राहते, फक्त लवकर सुकते.

फाडलेला पुठ्ठा आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सहा इंच भरा, वर दोन मुठी माती आणि जुनं शेण. ताजं शेण कुजताना तापतं, त्यात गांडुळं मरतात. मूठभर घेऊन पिळलं की एक-दोन थेंब यावेत, धार नाही.

अर्धा किलो गांडुळांना पहिले दोन आठवडे रोज १०० ग्रॅम, पुढे २०० पर्यंत. दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात, दोन इंच खाली पुरून. सालं, देठं, धुतलेला चहाचा चोथा, अंड्याच्या टरफलांची पूड चालते. शेव-लिंबू घातलेले उरलेले पोहे, लोणचं, दही, कांदा-लसूण अजिबात नको. आंब्याची सालं थोडीच, तीही दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवून, म्हणजे चिलटांची अंडी मरतात.

झाकणाकडे चढणं म्हणजे खाली उष्णता, आंबटपणा किंवा हवेची टंचाई. आंबट वास असेल तर आठवडाभर खाणं बंद, कोरडा पुठ्ठा मिसळा, हलक्या हाताने मोकळं करा. वास नसेल तर उष्णता धरा: ओलं तरट वर टाका, दुपारी बर्फाची बाटली पुरा. मुंग्या लागल्या तर आत कोरडं पडलंय. पाणी शिंपडा, विटा पाण्याच्या परातीत ठेवा.

तीनेक महिन्यांनी एकाच बाजूला खाणं टाकत जा; दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गांडुळं तिकडे सरकतात, मग दुसऱ्या बाजूचं खत काढा. ताटात साचणारं काळं पाणी म्हणजे वर्मीवॉश, गांडुळांच्या थरातून मुद्दाम पाणी झिरपवून केलेलं द्रवखत, नव्हे. त्याला वास येत असेल तर झाडांना घालू नका, आणि आत ओल जास्त झाली आहे असं समजून पुठ्ठा वाढवा.