‘जुळवून घेतले’ म्हटले की बिघडते कुठे?

प्रश्न असा आहे. दहावीतल्या एका मुलीने जीवशास्त्राच्या उत्तरात लिहिले, ‘प्रतिजैविकांचा मारा झाला म्हणून जिवाणूंनी त्यांच्याशी जुळवून घेतले आणि ते उत्क्रांत झाले.’ बाईंनी ‘जुळवून घेतले’खाली रेघ मारून गुण कापला. मुलीचे वडील विचारतात, अनुकूलन म्हणजे जुळवून घेणेच ना? पुस्तकातला जड शब्द चालतो, मग त्याचेच साधे मराठी का चालत नाही? आणि ‘उत्क्रांत होणे’ एकेकट्या जिवाला लावता येते का, हेही त्यांना हवे आहे.

बाईंची रेघ बरोबर जागी पडली आहे. फक्त ती दोन्ही शब्दांखाली न मारता ‘घेतले’ एवढ्याखालीच मारायला हवी होती.

मराठीत मुख्य क्रियापदाच्या मागे येणारे ‘घेणे’ मोठे बोलके असते. करून दिले आणि करून घेतले, वाचून दाखवले आणि वाचून घेतले, यांतला फरक कुणाला शिकवावा लागत नाही. ‘घेणे’ लागले की केलेल्या कामाचे फळ करणाऱ्याच्याच पदरात पडते. यावर कुणी म्हणेल, कापूसही पाणी शोषून घेतो, त्याला कुठे इच्छा असते? मान्य. म्हणजे ‘घेणे’त इच्छा असलीच पाहिजे असे नाही. पण कापसाच्या वाक्यातसुद्धा शोषणारा कापूस आणि भिजणारा कापूस एकच असतो. ‘जुळवून घेणे’तही तेच: आधी जुळत नव्हता, मग स्वतःत बदल केला, आता जुळतो, आणि या तिन्ही अवस्थांत तो एकच. नव्या सुनेने सासरी जुळवून घेतले, बदलीच्या गावी साहेबांनी जुळवून घेतले, ही वाक्ये अशीच चालतात.

आता जिवाणूंकडे पाहा. प्रतिजैविक आले तेव्हा बहुतेक जिवाणू मेले. ते काही जुळले नाहीत. थोडे वाचले, पण त्यांच्यावर औषध चालतच नव्हते, म्हणजे ते आधीपासूनच जुळलेले होते. मग आधी न जुळणारा आणि नंतर जुळलेला असा जिवाणू कोणता? तसा एकही दाखवता येत नाही. वाक्याला कर्ता हवा आणि वस्तुस्थितीत तो नाही, एवढीच त्या उत्तराची अडचण आहे.

‘आधीपासूनच’ हे मी हवेत म्हणत नाही. साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली विषाणूंना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा हिशेब मांडून हे दाखवले होते. पण त्यात गणित आहे. डोळ्यांना दिसेल असा पुरावा जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ साली पुढे ठेवला, आणि त्याचे मुख्य साधन होते मखमल. बशीत जिवाणू वाढवायचे. गोल ठोकळ्यावर मखमल ताणून बसवायची आणि ती त्या बशीवर हलकेच टेकवायची. मखमलीचे उभे तंतू बारीक सुयांसारखे काम करतात, प्रत्येकाला थोडे थोडे जिवाणू चिकटून येतात. तीच मखमल मग औषध घातलेल्या बशांवर एकामागून एक टेकवायची, शिक्का उठवावा तशी. औषधाच्या बशांत फार थोड्या वसाहती (एका जागी वाढलेले जिवाणूंचे पुंजके) उगवल्या, पण त्या सगळ्या बशांत त्याच त्याच जागी उगवल्या. औषध लागल्यावर जिवाणू आपापले बदलत असते, तर प्रत्येक बशीत वेगळ्या जागी उगवायला हव्या होत्या. मग त्यांनी मूळ बशीतल्या नेमक्या त्या जागेवरचे जिवाणू घेतले. या जिवाणूंनी औषध कधी पाहिलेच नव्हते. निवडून निवडून वाढवत नेल्यावर तेही औषधाला दाद न देणारे निघाले.

(‘औषधाला दाद न देणे’ हा आपल्याकडचा तयार वाक्प्रचार ‘प्रतिरोध’पेक्षा मला सरस वाटतो. दाद न देणाऱ्याने काही केलेले नसते. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहावा.)

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर जाणकार धरतील. जिवाणू एकमेकांकडून जनुके घेतात. दाद न देण्याचे जनुक शेजारच्या जिवाणूकडून आले तर त्या एका जिवाणूत खरोखर बदल होतो आणि तिथे ‘घेतले’ शोभते. पण औषध समोर दिसले म्हणून नेमके तेवढेच जनुक मागून घेतले, असा प्रकार तिथेही नसतो. मुलीच्या वाक्यातला ‘म्हणून’ त्यामुळे याही वाटेने सुटत नाही. माझ्या मते ‘घेतले’च्या खालोखाल चुकीचा शब्द तोच. तो मारा आणि बदल यांची सांगड उलटी घालतो. बदल (पुस्तकातले ‘उत्परिवर्तन’) आधी, तोही कशासाठी म्हणून न झालेला; मारा नंतर; आणि माऱ्याने ठरते ते एवढेच की कुणाची पिल्लावळ पुढे वाढणार.

या प्रक्रियेला पुस्तकात ‘नैसर्गिक निवड’ म्हणतात, त्यातल्या ‘निवड’ या शब्दावरही हाच आक्षेप येतो. निवड म्हटली की निवडणारा आला, मग निसर्ग काय उमेदवारांच्या मुलाखती घेतो? हा आक्षेप मराठीत जन्मलेला नाही. डार्विनने १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाची सुरुवात कबुतरे पाळणाऱ्यांपासून केली. हवी ती पिसे, हवी ती चोच असलेली जोडी माणूस निवडतो आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की कबुतराचे रूप पालटते. त्यावरून निसर्गातल्या प्रक्रियेलाही त्याने ‘निवड’ म्हटले. लोकांनी ते शब्दशः घेतले. १८६० साली भूशास्त्रज्ञ मित्र लायेलला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असती तर ‘नैसर्गिक राखण’ अशा अर्थाचा शब्द वापरला असता. हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्या वॉलेसने तर १८६६ साली त्याला सरळ सुचवले की या शब्दाने निसर्ग माणसासारखा वाटायला लागतो, त्याऐवजी तत्त्वज्ञ स्पेन्सरचा ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हा प्रयोग घ्या. डार्विनने तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. त्याने गोंधळ कमी झाला असे काही म्हणवत नाही, कारण ‘लायक’ वाचले की लोकांना ‘बलवान’ ऐकू येते.

मराठीपुरते बोलायचे तर ‘निवड’ तितका वाईट शब्द नाही, कारण आपल्या निवडण्याला दोन अर्थ आहेत. साडी निवडताना आपण हवे ते उचलतो. तांदूळ निवडताना नको ते काढून टाकतो आणि उरेल ते आपले. नैसर्गिक निवड या दुसऱ्या निवडण्याच्या जवळची आहे. हात मात्र तिथे नसतो, हे लक्षात ठेवले की झाले. वर्गात शिकवताना हा दुसरा अर्थ पुढे करावा, असे मला वाटते.

आता ‘उत्क्रांत होणे’. याला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. एकटा जीव जन्मतो, वाढतो, मरतो, तो उत्क्रांत होत नाही. उत्क्रांत होतो तो समूह, पिढ्यांच्या हिशेबात. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांतल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने फिंच या चिमणीएवढ्या, बिया खाणाऱ्या पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षे मोजल्या. १९७७ साली तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बी लवकर संपले, उरले ते गोखरूच्या कुळातले टणक, काटेरी फळ. ते फोडायला जाड चोच लागते. बहुतेक फिंच मेले, आणि जे वाचले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी दुष्काळाआधीच्या समूहापेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली. पुढच्या पिढीच्या पिल्लांच्या चोचीही जाडच निघाल्या.

आता म्हणा, ‘फिंचांची चोच जाड झाली.’ वाक्य खरे की खोटे? समूहाची सरासरी म्हणून खरे. पण त्या वर्षात एकाही फिंचाची चोच रेसभरही वाढलेली नाही. मराठीत ‘फिंचांची चोच’ म्हटले की दोन्ही अर्थ एकाच वेळी मनात येतात आणि घोटाळा तिथेच होतो. ‘जाड चोचीच्या फिंचांचे प्रमाण वाढले’ असे लिहिले तर तो टळतो. ‘प्रमाण’ हा शब्द या धड्यात जितक्या वेळा येईल तितके बरे. (‘फिंचांची लोकसंख्या’ मात्र नको. लोक नसताना लोकसंख्या कसली? ‘समूह’ पुरे.)

त्याच बेटावर १९८३ मध्ये एल निन्योमुळे (पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे) मुसळधार पाऊस झाला, बारीक बियांचे पेव फुटले आणि पुढे पारडे लहान चोचींकडे झुकले. ‘उत्क्रांती’तल्या ‘उत्’मुळे आपल्याला वर चढणे ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. इंग्रजीवाल्यांचा ‘इव्होल्यूशन’ही याच कारणाने बदनाम आहे. डार्विनच्या पहिल्या आवृत्तीत हे नाम सापडत नाही, फक्त ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द त्याचे क्रियापद आहे. मराठी विश्वकोशाने ‘क्रमविकास’ स्वीकारला, पण ‘विकास’ला तरी कुठे वर जाण्याचा सोस नाही? तेव्हा ‘उत्क्रांती’ रुळली आहे, ती राहू द्यावी.

वडिलांच्या मूळ मुद्द्याकडे येतो: जुळवून घेणे निसर्गात नसतेच का? असते, भरपूर असते. उंच डोंगरावर काही आठवडे राहिले की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि धाप कमी लागते. तोच माणूस आधी जुळत नव्हता आणि आता जुळतो. यासाठी मराठीत सुरेख शब्द आहे, अंगवळणी पडणे. आणि आनुवंशिकतेसाठीही ‘वळण’च आहे: मुलगी आईच्या वळणावर गेली. डार्विनच्या आधीचा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क, त्याचे म्हणणे या दोन वळणांतून मांडता येते. जे अंगवळणी पडते ते पोराबाळांच्याही वळणात उतरते, असे त्याला वाटत होते. हे तपासायला जर्मन जीवशास्त्रज्ञ वाइसमानने उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शेपट्या छाटल्या, तरी पिल्ले अख्ख्या शेपटीनिशीच जन्मली. (लामार्कवर हा थोडा अन्यायच. तो वापराने होणाऱ्या बदलाविषयी बोलत होता, कापाकापीविषयी नाही.) शालेय जीवशास्त्रापुरते तरी धरून चालावे की अंगवळणी पडलेले वळणावर जात नाही.

‘अनुकूलन’ हा शब्द मग कशाला? तो नाम म्हणून ठेवावा, गुणाचे नाव म्हणून: जाड चोच हे टणक फळे फोडण्याचे अनुकूलन आहे. त्याला ‘करणे’ जोडू नये. ‘प्राण्यांनी अनुकूलन केले’ हे वाक्य जड शब्द वापरूनही ‘जुळवून घेतले’इतकेच चुकीचे आहे आणि ते लिहिणाऱ्याचा गुण सहसा कापला जात नाही, ही खरी गंमत. वडिलांची तक्रार तेवढ्यापुरती रास्त आहे.

मुलीने असे लिहावे: ‘जिवाणूंच्या समूहात प्रतिजैविकाला दाद न देणारे थोडे जिवाणू उत्परिवर्तनामुळे आधीच होते. प्रतिजैविकामुळे बाकीचे मेले, हे टिकले आणि वाढले. पुढच्या पिढ्यांत त्यांचे प्रमाण वाढत गेले, म्हणजे समूह उत्क्रांत झाला.’ पूर्ण गुण मिळायला हवेत. आधीच्या उत्तराला मी अर्धा गुण दिला असता, ‘उत्क्रांत झाले’मधला ‘ते’ समूहाला धरून.