तुझ्या प्रश्नाचं उत्तर, लालबागहून

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन न करता तू लिहून कळवलंस, म्हणून मीही सवडीने लिहूनच उत्तर देते. घाटकोपर सोडल्यावर डब्यात एक बाई कोसळली, सगळ्या बघत राहिल्या, तूही दांडीला धरून उभी राहिलीस. शेवटी घरकामाला निघालेली एक बाई पिशवी बाजूला टाकून खाली बसली आणि तिने त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं. आणि तू विचारतेस, "मावशी, मी भित्री आहे का गं?"

नाहीस. पण एवढं सांगून मी तुला सोडणार नाही. ती बाई खाली बसू शकली आणि बाकीच्या पन्नासजणी बसू शकल्या नाहीत, हे कशामुळे, याचा विचार तू करायला हवास. माझी सगळी नोकरी सरकारी वॉर्डांत गेली. तिथे मी धीराची माणसं रोज पाहिली आणि त्यांतली बहुतेक तुझ्यामाझ्यासारखी घाबरणारी होती. मला वाटतं, त्यांच्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं. मन थरथरत असलं तरी हात कामाला लागत. तुझ्या डब्यातल्या त्या बाईने घरी कुणाचं तरी आजारपण काढलं असणार, म्हणून तिला विचार करत बसावं लागलं नाही.

गर्दीत माणूस का थिजतो, याचा अभ्यास झालेला आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के उठले. माणसं तशीच, तेवढीच भली. फरक इतकाच की प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी उठेल. तुझ्या डब्यात हेच झालं.

पण याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू गर्दीलाच दोष देत बसशील. २०१९ मध्ये अॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. म्हणजे एकेकटा माणूस कचरतो, तरी गर्दीतून कुणीतरी पुढे येतंच. तूच लिहिलंयस बघ, ती बाई खाली बसल्यावर एकीने पाण्याची बाटली काढली, एकीने ओढणीने वारा घातला, खिडकीजवळच्या मुलीने जागा सोडली. तू मात्र कुर्ला येईपर्यंत हलली नाहीस. मग पुढच्या वेळी पहिली होण्याचा हट्ट धरू नकोस. दुसरी हो. जी पुढे झाली आहे तिच्या शेजारी जाऊन बस आणि विचार, "मी काय करू?" मला स्वतःला या दुसऱ्या माणसाचं फार मोल वाटतं, कारण पहिल्याला एकटं पाडायचं की नाही, हे त्याच्या हातात असतं.

आता हातांविषयी. चक्कर आलेल्या बाईला आडवं करायचं, पाय जरा उंच ठेवायचे, भोवतीची गर्दी हटवायची. शुद्धीवर नसताना तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून जीव जाऊ शकतो. फिट आली असेल तर कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा तर मुळीच नको. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं. माणूस हाक मारून हलत नसेल आणि श्वासही नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोरात दाबायचं. मोठ्या माणसात साधारण पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. आणि "कुणीतरी फोन करा" असं कधी ओरडायचं नाही. "अहो निळ्या ड्रेसवाल्या ताई, तुम्ही १३९ लावा," असं एकीकडे बोट दाखवून सांगायचं. बोट दाखवलं की ती उठते. १३९ हा रेल्वेच्या मदतीचा नंबर. रस्त्यावर असशील तर अॅम्ब्युलन्सचा १०८. दोन स्टेशनांच्या मधे साखळी ओढू नये. पुढच्या फलाटावर उतरवलं तर तिथे माणसं आणि स्ट्रेचर मिळतं. एवढं ठाऊक असलं तरी तुझे पाय त्या दिवशी जसे जड झाले तसे होणार नाहीत.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. तुकाराम ओंबळे यांचं नाव तू शाळेत ऐकलंस. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मला आज तुला त्याच रात्रीच्या इतर दोघांबद्दल सांगायचंय, कारण त्यांच्यापाशी लाठीही नव्हती.

एक विष्णू झेंडे. सीएसएमटीला उद्घोषक. त्यांचं रोजचं काम म्हणजे कुठली गाडी किती नंबरवर येतेय ते सांगणं. बाहेरच्या हॉलमध्ये गोळीबार सुरू झाला तेव्हा त्यांनी तोच माईक हातात घेतला आणि उतरणाऱ्या प्रवाशांना, मागच्या बाजूने बाहेर पडा, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. लोकल येतच होत्या, भरलेल्या. त्यांच्या आवाजामुळे किती माणसं त्या हॉलकडे गेली नाहीत याचा हिशेब कुणी करू शकणार नाही.

दुसऱ्या अंजली कुलथे, कामा हॉस्पिटलच्या सिस्टर. त्यांच्याबद्दल मी नर्स म्हणून बोलते, आणि बोलताना अजूनही गळा दाटतो. नाईट ड्यूटीला होत्या, वॉर्डात २० गरोदर बायका. हल्लेखोर आवारात शिरताना त्यांनी पाहिले. खाली दोन पहारेकरी मारले गेले, त्यांची एक सहकारी जखमी झाली. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावले, दिवे घालवले, सगळ्या बायकांना आतल्या छोट्या खोलीत नेलं. तेवढ्यात एका रक्तदाबाच्या बाईला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळ्यांचे आवाज येत असताना तिला भिंतीच्या आधाराने जिन्यावरून प्रसूतिकक्षात नेलं आणि तिथे बाळ जन्माला आलं. या सगळ्यात अशी एकही गोष्ट नाही जी आम्हाला पहिल्या वर्षी शिकवली जात नाही. पेशंटला सुरक्षित जागी हलव. वॉर्ड एकटा सोडू नकोस. कळा आल्या तर लेबर रूम. पुढे त्या कसाबला ओळखायला उभ्या राहिल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही बोलल्या. ओळखपरेडीला जाणं मला त्या रात्रीपेक्षाही अवघड वाटतं. त्या रात्री विचाराला वेळ नव्हता, नंतर मात्र भरपूर होता, आणि तरी त्या गेल्या.

वांगणीचा व्हिडिओ तू पाहिला असशील. १७ एप्रिल २०२१, अंध आईबरोबर फलाटाच्या कडेने चाललेला लहान मुलगा रुळांवर पडला आणि समोरून एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावत गेले, मुलाला फलाटावर चढवलं, मागोमाग स्वतः चढले. क्षणभर आपलाही जीव धोक्यात आहे असं वाटून गेलं, हे त्यांनी नंतर सांगितलं होतं. भीती वाटली आणि पाय धावतच राहिले. बक्षिसाचे ५० हजार मिळाले, त्यातले निम्मे त्यांनी त्या मुलाच्या घरी दिले. धावण्याचं चित्रण झालं म्हणून आपल्याला कळलं. पैसे देताना मात्र गाडी अंगावर येत नव्हती, कुणी घाई करत नव्हतं. ते मला जास्त आवडलं.

कॅमेऱ्यात कधीच न येणारं धैर्य मी कुठे पाहिलं, तेही सांगते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. आमच्या चाळीत तळमजल्यावर एक काकू खाणावळ चालवायच्या, दहा बाय बाराच्या खोलीत. एकट्याने राहणारे कोकणातले, घाटावरचे गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवायचे, महिन्याचा पगार झाला की पैसे द्यायचे. संपात पगारच थांबला. पहिल्या महिन्यात वहीत उधारी लिहिली, दुसऱ्यात लिहिली, पुढे पुढे काकू वही उघडेनात. भाकरी तांदळाची असायची ती ज्वारीची झाली, सुकट गेली, कुळथाची पिठी आणि एक भाजी उरली. काकूंनी पाटल्या मोडल्या. व्याजाने पैसे काढले, ते फेडायला शिवणकाम धरलं. "पोरं जेवायला येतायत, दार लावू कसं?" एवढंच त्या म्हणायच्या. काही माणसं गावी गेली ती परत आलीच नाहीत. त्यांच्या ताटांचे पैसे कायमचे बुडाले.

अशा खाणावळी चालवणाऱ्या बायका मुंबईत हजारोंनी होत्या आणि बहुतेकींच्या मानेवर सावकार बसलेला असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. बँकेचं कर्ज त्यांच्या हाती पडावं म्हणून झगडल्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेली ही बाई पुढे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना बँकेत घेऊन जाते, याचा मला फार आदर वाटतो. कारण नुसतं "किती सोसतात बिचाऱ्या" म्हणून कौतुक करणारे पुष्कळ होते. कर्जाच्या अर्जावर सही करायला बरोबर येणारी एकच होती.

हे सांगताना मला रागही येतो, तो लपवत नाही. पाऊस तुंबला, बाँब फुटले, साथ आली की आपण मुंबईच्या स्पिरिटचे गोडवे गातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यात उभं राहून चहा-बिस्किटं वाटली, हे खरंच. पण त्यानंतर नाल्यांचं काय झालं हे विचारणंही त्याच माणुसकीत येतं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये धारावीच्या गल्ल्यांत महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघर ताप आणि ऑक्सिजन तपासत फिरल्या. दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत अशा गल्ल्या, वरून उकाडा. आपण गॅलरीत उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या बायका मात्र मानधनाऐवजी किमान वेतन मिळावं म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्या आहेत. त्यांच्या मोर्च्याची बातमी दिसली तर ती पूर्ण वाच, एवढं तरी कर.

धैर्याची किंमतही लागते, हे तुझ्यापासून लपवणं अन्यायाचं होईल. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीतल्या अंबोलीत दोन तरुणांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला हटकलं. तो साथीदारांना घेऊन परत आला आणि दोघांचेही जीव गेले. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. आजूबाजूला माणसं होती. त्या दिवशी दुसरं, तिसरं, चौथं माणूस पुढे झालं असतं तर! म्हणून तुला बजावते, असल्या ठिकाणी एकटीने अंगावर जाऊ नकोस. आधी माणसं गोळा कर, दुकानदाराला आवाज दे, ११२ लाव, जिला त्रास होतोय तिच्याशी ओळखीची असल्यासारखी बोलायला लाग. आणि पोलीस-कोर्टाच्या धास्तीने जखमीला सोडून जाऊ नकोस. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच, कलम १३४अ मध्ये, संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार हो म्हणून जबरदस्ती नाही. दवाखान्यात पोचवून तू घरी जाऊ शकतेस.

आता तुझ्या पत्रातली शेवटची गोष्ट, जी तू दोन ओळींत उरकलीस. ऑफिसातल्या सफाईच्या ताईंना सुपरवायझर सगळ्यांदेखत वाटेल तसं बोलतो आणि सगळे कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसतात. डब्यातल्या प्रसंगापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते, कारण ती बाई पाच मिनिटांत शुद्धीवर आली, ह्या ताई मात्र रोज ऐकून घेतायत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बस. पहिल्याच दिवशी तक्रारीचा विषय काढू नकोस, त्यांची नोकरी कंत्राटदाराच्या हातात आहे, तुझी नाही. त्यांना काय हवंय ते विचार. नको म्हणाल्या तर त्यांच्या परवानगीशिवाय काही करायचं नाही, पण कुठल्या तारखेला तो काय बोलला ते वहीत लिहून ठेव. हो म्हणाल्या तर एकटीने वर जाऊ नकोस. शेजारच्या टेबलावरची तुझी ती मैत्रीण आणि आणखी एखादा सहकारी, असे तिघे-चौघे मिळून ताईंसोबत जा. आणि सुपरवायझर पुन्हा ओरडायला लागला तर उठून ताईंच्या शेजारी नुसती उभी राहा. काही बोलायचीही गरज नाही.

त्यांच्याशी बोलणं झालं की मला फोन कर. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असते. आईला सांग, कोकमं आली आहेत, न्यायला ये म्हणावं.

तुझी,
मावशी