अपघाताला दोन महिने झाले, अजून झोप नाही. हा पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार) का?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी धाकट्या भावाच्या मोटरसायकलला ट्रकची धडक बसली. मागे बसलेला मित्र जागीच गेला. भावाचं हाड जुळलं, पण तो रात्री दचकून उठतो, हॉर्न वाजला की थरथरतो. त्या रस्त्याचं नाव काढू देत नाही. कोणती तपासणी केली की पीटीएसडी आहे की नाही ते कळेल?

उत्तर : रक्ताची किंवा स्कॅनची अशी तपासणी नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर बोलून निदान करतात. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेतल्या निकषांनुसार आधी प्रसंग पाहतात : मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा, प्रत्यक्ष किंवा तसा धोका. नोकरी जाणं कितीही जिव्हारी लागलं तरी यात बसत नाही. भावाचा अपघात बसतो.

मग लक्षणांचे चार गट. प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे येणं किंवा त्याची स्वप्नं पडणं, यातलं एक. आठवणी किंवा जागा टाळणं, यातलं एक. विचार आणि मनःस्थिती बिघडणं, यातली दोन. सतत सावध राहणं, दचकणं, झोप उडणं, यातली दोन. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि त्याचा तीव्र त्रास होऊ लागला किंवा रोजचे व्यवहार अडू लागले, तरच पीटीएसडी. पहिल्या महिन्यातला असा त्रास बहुतेकांचा आपोआप ओसरतो.

तिसरा गट हमखास निसटतो. ‘मीच गाडी हळू चालवायला हवी होती’ हे घरच्यांना साधं दुःख वाटतं, म्हणून कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. तुम्ही मुद्दाम सांगा. डोक्याला मार लागला होता का आणि दारू वाढली आहे का, हेही सांगा. झोप आणि चिडचिड त्यानेही बिघडते.

टाळण्याने त्या क्षणी बरं वाटतं, पण रस्ता आता धोक्याचा नाही हे मेंदूला शिकायला मिळत नाही, म्हणून भीती मुरते. उपचार नेमका इथे घाव घालतो : आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची थेरपी, साधारण ८ ते १५ बैठका, किंवा ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली करवत ती आठवण हाताळण्याची थेरपी. गरज पडल्यास सर्ट्रालिनसारखं नैराश्यावरचं औषध. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. झोपेसाठी अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मनाने सुरू करू नका. सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो.

त्याला ‘सगळं सांगून मोकळा हो’ म्हणून खोदू नका, जबरदस्तीने त्या रस्त्यावरही नेऊ नका. ‘त्याच्याऐवजी मी मेलो असतो तर’ असं तो म्हणाला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.