एमएसडब्ल्यूनंतर परदेशात सोशल वेल्फेअरचं मास्टर्स करावं का?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं मास्टर्स) झालंय, तीन वर्षं संस्थेत काम केलंय. आता परदेशात इंटरनॅशनल सोशल वेल्फेअर शिकणं म्हणजे तेच पुन्हा, जास्त पैसे मोजून, असं तर होणार नाही ना, हा तुमचा प्रश्न. मी नेमकं हेच केलं. आधी बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी काम, मग नॉर्वेत ओस्लोमेट विद्यापीठात दोन वर्षं. उजळणी अजिबात होत नाही. पहिल्या सत्रात तर मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच वर्गात येऊन बसलोय.

एमएसडब्ल्यूत समोर माणूस असतो: केसवर्क, गृहभेटी, फील्डवर्कचे रिपोर्ट. इथे समोर नियम असतो. आजारी पडल्यावर पगार कोण देतो, किती दिवस, पेन्शन नोकरीवर ठरतं की देशात किती वर्षं राहिलात त्यावर. बिस्मार्कने जर्मनीत 1883 मध्ये आजारविमा का आणला (कामगारांच्या कळवळ्यापेक्षा समाजवाद्यांचा जोर मोडायला), असल्या गोष्टी.

एकदा तासाला नॉर्वेच्या आजारपणाच्या रजेवर चर्चा चालली होती. पहिल्या दिवसापासून, एका मर्यादेपर्यंत, पूर्ण पगार. पहिले 16 दिवस मालक देतो, पुढे जास्तीत जास्त वर्षभर सरकार. बाईंनी सांगितलं, तुमच्याकडे काय होतं ते लिहा. मी लिहिलं ऊसतोडीतल्या खाड्याबद्दल, म्हणजे कामावर न आल्याबद्दल मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) कापतो त्या पैशांबद्दल. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीसाठी एकच जोडी. दोघांतलं एक जरी तापाने कोपीत पडून राहिलं तरी मजुरी बुडते आणि वर मुकादम खाडा कापतो. म्हणजे आजारी माणसानेच पैसे भरायचे.

वर्ग गप्प. मग बाईंनी विचारलं, तरी लोक मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, का घेतात?

तीन वर्षं मी "उचल म्हणजे शोषण" असं बैठकांत बोलत आले होते, पण या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पोरीचं लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे यासाठी एकरकमी पैसा त्यांना दुसरं कोण देतं? त्यांचा विमा, बँक, सरकारी कचेरी, सगळं तो मुकादमच. समाजशास्त्रज्ञ एस्पिंग-अँडरसन यांनी 1990 मध्ये कल्याणकारी राज्यांचे तीन प्रकार पाडले, ते श्रीमंत देश बघून. त्यांत आपला कोयता कुठेच बसत नाही. पुढे 2004 मध्ये गॉफ आणि वूड या अभ्यासकांनी मांडलं, की जिथे सरकार आणि बाजार दोन्ही भरवशाचे नसतात तिथे गरीब माणूस कुणातरी वजनदार माणसाचा आसरा धरतो आणि त्याची किंमत स्वतःच्या मोकळेपणाने चुकवतो. हे मी रोज बघत होते, पण मला असं एका वाक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

जाण्याआधी आपली रोजगार हमी नीट वाचून जा. 1972 चा दुष्काळ, 1977 चा कायदा, मग त्या धर्तीवर 2005 चा केंद्राचा. तिकडच्या प्राध्यापकांना याचं फार अप्रूप असतं. या योजनेचे जनक वि. स. पागे कोण, हे मला ओस्लोच्या लायब्ररीत बसून वाचावं लागलं.

आता पैसा. मी गेले तेव्हा नॉर्वेत फी नव्हती. 2023 पासून युरोपबाहेरच्यांना ती लागते, त्यामुळे माझा हिशेब तुमच्या कामाचा नाही. ब्रिटनमधलं मास्टर्स बहुधा एका वर्षाचं, राहण्याचा खर्च त्या मानाने वाचतो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. शिकून दोन वर्षांसाठी परत यावं लागतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत मात्र 2022 मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. तिथे अर्ज करणार असाल तर चालू वर्षाची नियमावली वाचूनच विषय लिहा, नाहीतर ऊसतोडीवरचा प्रस्ताव दारातच अडायचा.

आणि ही पदवी म्हणजे तिकडे सोशल वर्कर म्हणून काम करायचा परवाना नव्हे. इंग्लंडमध्ये त्यासाठी सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेकडे वेगळी नोंदणी लागते. नॉर्वेत भाषा आल्याशिवाय सरकारी कचेरीत कुणी उभं करत नाही. मी वर्षभर नॉर्वेजियन शिकले, तरी फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा.

अर्जाच्या निबंधात "मला समाजाची सेवा करायची आहे" असलं काही लिहू नका. कामात तुम्हाला छळणारा एखादा नियम घ्या आणि तो तसा का आहे, हे विचारा. तुमचं काम कोणत्या विषयात आहे ते प्रश्नात आलेलं नाही. खाली लिहिलंत तर कुठला कोर्स जुळेल ते सांगते.