संशोधनासाठी पहिल्यांदाच परदेशी राहायला जातोय. सामान सोडून आणखी काय तयारी करू?

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या निमित्ताने मी दोनदा देश बदललाय. पहिल्या खेपेला कामं केली सगळी, पण क्रम चुकला आणि तोच महागात पडला. म्हणून तुमच्या प्रश्नाला क्रमानेच उत्तर देतो.

आधी पत्ता. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा, घरमालक म्हणतो पगाराची स्लिप दाखवा आणि खातं नसेल तर पगार जमा होत नाही. या चक्रातून सुटायला पहिला महिना विद्यापीठाचं गेस्ट हाउस बरं. पण बुकिंग करतानाच विचारून घ्या, "या पत्त्यावर माझी अधिकृत नोंदणी होईल का?" मी विचारलं नव्हतं. नोंदणी कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी माझी मुक्कामाची पावती उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता परत सरकवली. जागामालकाच्या सहीचं पत्र हवं होतं. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी! तोवर ना खातं, ना पगार. दोन महिने निघतील एवढे पैसे जवळ असू द्या. आणि घर न बघता डिपॉझिट कुणालाही पाठवू नका, फोटो कितीही झकास असोत.

मग नेमणूकपत्र. तुम्ही निघण्याआधी ते नीट वाचा, कारण तिथे गेल्यावर फार काही बदलता येत नाही. तुम्हाला पगार मिळणार की फेलोशिप? महिन्याचा आकडा सारखाच दिसतो, पण फेलोशिपवाला बऱ्याच ठिकाणी कर्मचारी धरला जात नाही. मग विमा, पेन्शन, बाळंतपणाची रजा यातलं काय मिळेल याचा नेम नाही. करांचे नियमही वेगळे असू शकतात. "हातात किती पडणार आणि विमा कोण भरणार?" हे ईमेलवरच विचारा. मी भिडेपोटी गप्प बसलो आणि वर्षभर हप्ते खिशातून भरले. जोडीदार सोबत येणार असेल तर त्याला किंवा तिला काम करायची परवानगी मिळते का, तेही त्याच ईमेलमध्ये.

जन्मदाखला, विवाहनोंदणी, पदव्या यांचं प्रमाणीकरण मायदेशीच उरका. परदेशी कागदपत्रं मान्य करण्याबद्दलचा १९६१ चा हेग करार दोन्ही देशांमध्ये लागू असेल तर अपोस्टिलवर, म्हणजे मायदेशातल्या एका अधिकृत शिक्क्यावर भागतं, नाहीतर वकिलातीच्या फेऱ्या. भाषांतराची मात्र घाई नको. बऱ्याच कार्यालयांना तिथलाच शपथबद्ध अनुवादक लागतो.

युरोपात जात असाल तर युराक्सेसची, म्हणजे संशोधकांना मदत करणाऱ्या युरोपीय जाळ्याची केंद्रं चाळीसहून जास्त देशांत आहेत. व्हिसापासून शाळाप्रवेशापर्यंत मदत करतात, तीही फुकट. शिवाय युरोपीय संघात (डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून) संशोधक म्हणून राहण्याचा परवाना असेल तर काम संपल्यावर नोकरी शोधायला किमान नऊ महिने राहायची तरतूद आहे.

हो, पासपोर्टची मुदत आजच बघा. माझी चौदा महिने उरली होती, करार दोन वर्षांचा. परवाना चौदा महिन्यांचाच मिळाला आणि पुन्हा त्याच खिडकीपुढे उभं राहावं लागलं.