'संशयकल्लोळ'ला कात्री कुठं लावावी?

परभणीकडच्या तुमच्या हौशी मंडळाला 'संगीत संशयकल्लोळ' बसवायचंय, दोन-सव्वादोन तासांत आटोपायचंय, तर काय कापावं, असं तुम्ही विचारलंय. खुशाल कापा. फक्त नायिकेला, रेवतीला, हात लावू नका.

बहुतेक मंडळं नेमकं उलटं करतात. फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका यांची संशयाची भांडणं सगळी ठेवतात, कारण तिथं हशा हमखास. रेवती उरते ती पदं म्हणायपुरती. मग नवरा-बायकोचा नुसता फार्स होतो.

ज्या इंग्रजी नाटकावरून नाटककार गो. ब. देवलांनी हे घेतलं, त्यातली नायिका चांगल्या खानदानी घरातली आहे. देवलांनी तिला मघा नायकिणीची मुलगी केलं. माझ्या मते नाटकाचा जीव इथंच आहे. रेवतीला दिलेली आपली तसबीर परक्या माणसाच्या हातात दिसली की तिचा प्रियकर अश्विनशेट याच्या मनात काय येतं बघा. घरंदाज मुलगी असती तर त्यानं आधी विचारलं असतं. इथं विचारण्याआधीच निकाल लागतो, शेवटी नायकिणीचीच पोर! लग्न करीन म्हणणारा, प्रेम करणारा माणूससुद्धा इतक्या पटकन घसरतो, हे प्रेक्षकाला टोचलं पाहिजे. आपल्या बीड-धाराशिवकडं कलाकेंद्रं आहेत. तिथं नाचणाऱ्या बाईला टाळ्या मिळतात, पण घरात सून म्हणून आणायची म्हटलं की काय होतं, हे आपल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून मघा-रेवतीचे संवाद ठेवा, आणि मघेला ठसकेबाज विनोदी बाई करू नका. तिला मुलीची काळजी आहे.

फाल्गुनरावही संशयानं खराखुरा जळला पाहिजे. नटानं प्रेक्षकांकडं बघून डोळे मिचकावले की संपलं. 1916 साली गंधर्व नाटक मंडळीनं हे संगीत रूपात आणलं तेव्हा बालगंधर्वांच्या रेवतीसमोर गणपतराव बोडसांसारखे नामवंत नट फाल्गुनराव होते, यावरून ती भूमिका किती तोलाची मानली गेली ते कळतं.

तसबीर पोस्टकार्डाएवढी तरी करा, आणि काच काढून टाका. काचेवर लाइट चमकला की मागच्या रांगांना चेहरा दिसत नाही, आणि चेहरा दिसला नाही तर पुढचा सगळा घोटाळाच कळत नाही.

कात्री पदांना लावा. निम्मी गाळली तरी चालतील, पण 'मृगनयना रसिक मोहिनी' आणि 'कर हा करी' ठेवाच. तीन-चार मिनिटांपलीकडं ताना नकोत. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर मात्र गाऊ नका. वाक्य संपतं त्याच श्वासात पद उचलायचं असतं, आणि नट थांबला तर पेटीवाल्यानंही थांबायचं असतं. ट्रॅक थांबत नाही. शिवाय अश्विनशेट आणि रेवतीची पट्टी वेगळी, ती सांभाळणारा माणूस लागतो. त्यासाठी पुण्या-मुंबईकडं बघायची गरज नाही, आपल्या भजनी मंडळांत असे पेटीवाले आहेत.

हक्कांची चिंता नाही, देवल 1916 सालीच गेले. पेटीवाल्याला मात्र आजच गाठा. सप्ताहाचे दिवस सुरू झाले की तो तालमीला हाती लागत नाही.