अल्झायमर झालेल्या आईची भात-पोळी बंद करावी का?

आईचं वजन आधीच उतरतंय आणि भाऊ म्हणतोय की कर्बोदकांनीच मेंदू बिघडतो, तिला केटोवर (कर्बोदकं जवळजवळ बंद, तूप-तेल जास्त अशा आहारावर) ठेवू. करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. वडिलांचा अल्झायमर घरीच सांभाळला, त्या अनुभवावर आणि थोड्याफार वाचनावर सांगते: नका करू.

भावाचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. या आजारात मेंदूचे काही भाग ग्लुकोज, म्हणजे कर्बोदकांतून मिळणारी साखर, नीट वापरत नाहीत, हे पेट स्कॅन नावाच्या तपासणीत दिसतं. किटोन, म्हणजे चरबीपासून शरीरात तयार होणारं इंधन, मात्र तोच मेंदू बऱ्यापैकी वापरतो. म्हणून भात तोडा, तूप-खोबरेल वाढवा, असा तो हिशोब. न्यूझीलंडमध्ये हे करून पाहिलंय. २०२१ साली निष्कर्ष आले. २६ रुग्ण, १२ आठवडे. रोजची कामं आणि एकूण जगणं थोडं सुधारलं, पण विचारशक्तीच्या चाचणीत ठोस फरक दिसला नाही. एवढ्यावर आईचं ताट बदलायचं?

मेयो क्लिनिकच्या २०१२ च्या अभ्यासाचाही दाखला लोक देतात. सत्तरीपुढे ज्यांच्या आहारात कर्बोदकांचा वाटा फार, त्यांच्यात विसराळूपणाच्या सुरुवातीच्या तक्रारी जास्त आढळल्या, हे खरं. पण ती माणसं सुरुवातीला धडधाकट होती. तुम्ही-मी आपल्या ताटापुरतं त्यातून जरूर काही घ्यावं. आईची गोष्ट वेगळी.

तिच्या बाबतीत खरी भीती साखरेची नाही, वजनाची आहे. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचं वजन घटतं. भूक कळत नाही, जेवताना मध्येच उठून जातात, पुढे गिळायलाही त्रास होतो. अशात ओळखीचा वरणभातही काढून घेतला तर ती खाणार काय? पनीर नि अंडी? आमच्या बाबांनी तर ताट सरकवून दिलं असतं.

मी चहातली साखर हळूहळू कमी केली, बिस्किटांऐवजी शेंगदाण्याची चटणी-भाकरी कुस्करून दिली, भातावर तूप आणि घट्ट वरण घातलं. आणि ताट बदललं! पांढऱ्या बशीत दहीभात त्यांना दिसतच नसे, चमचा रिकाम्या कडेवर फिरायचा. लाल ताटलीत वाढल्यावर तोच भात संपू लागला. (बॉस्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये हेच दाखवलंय: ठळक रंगाच्या भांड्यांत रुग्ण जास्त खातात.)

आई गोडाचा हट्ट धरेल, तेव्हा केळं किंवा खीर द्या, वाद घालू नका.

एक मात्र नक्की बघा. आईला मधुमेह असेल आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता भात-पोळी कमी करूच नका. साखर एकदम खाली गेली तर ‘मला गरगरतंय’ हे तिला सांगता येईलच असं नाही. घरच्यांना वाटेल, आज जरा जास्तच गोंधळलीय.